शमून सुर्यानीचं खमीर

अख्खी अमरावती शमूनभाऊला अरब म्हणायची. कोणी काबुली म्हणायचं, कोणी यहुदी, आणि कॅम्पातले साहेबलोक अर्मानी म्हणायचे. तो यातला कोणीच नव्हता. सुरुवातीला तो प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "अरब नाय, सुर्यानी." ऐकणारा मान डोलवायचा आणि निघताना म्हणायचा, "बरं, येतो मंग अरबसेठ." मला त्याची कीवही यायची आणि रागही. एकदा मी बोललोच, "शमूनभाऊ, सोड ना हे खूळ. आमी आमच्या मुलखाले वऱ्हाड म्हणतो, साहेब बेरार म्हणते. आमी त्याच्या मांग लागलो काय, नाव सुधर म्हणून?"

तो म्हणाला, "गणपतभाऊ, तुमी वऱ्हाडी किती हाय? गाव भरून हाय. साहेब चुकला तरी तुमचं नाव घेनारे हजार. इथं सुर्यानी मी एकटा. मीच चूप बसलो तर नाव घेनार कोन?"

 

मी त्याला अरे-तुरे करतो म्हणून पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांनी नाक मुरडू नये. तो माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा होता. पण आमच्याकडे जवळच्या माणसाला अहो-जाहो केलं तर त्याला वाटतं, आपलं काहीतरी बिनसलं.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता. त्यामुळे आमच्या काळ्या मातीचे दिवस फिरले. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आम्ही मूळचे भातकुलीचे, जातीचे माळी. वांगी, मेथी, झेंडू हेच आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पण बाजार तापला तशी मळ्याची कामं भावांवर टाकून मी अमरावतीला दलाली करायला आलो. घरची मंडळी मळ्यावरच राहिली. माझ्याबरोबर आली ती आत्या.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. पातूरला दिली होती. ऐन तारुण्यात नवरा गेला, सासरच्यांशी तिचं एक दिवस पटलं नाही, ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून आम्हा सगळ्यांवर राज्य करत राहिली. पातूरचं नाव काढलं की ती थुंकायची. तिच्या बोलण्याला धार होती, हाताला चव होती, आणि भुताखेतांवर तिचा एवढा विश्वास होता की आमच्या घरी संध्याकाळनंतर शिट्टी वाजवायचीसुद्धा चोरी होती.

मुंबईच्या एका मोठ्या पेढीनं कापूस पारखायला शमूनभाऊला अमरावतीला पाठवला. त्याला जागा हवी होती आणि माझी मागची खोली रिकामी होती. आत्यानं आधी नाहीच म्हटलं. मग अटी घातल्या. दार गल्लीकडून, पाण्याचा रांजण वेगळा, आणि आमच्या चुलीकडे फिरकायचं नाही. शमूनभाऊनं छातीवर हात ठेवून सगळं कबूल केलं. तो उंच, किंचित वाकलेला, भुवया एवढ्या दाट की आत्या म्हणाली, "ह्याच्या डोयावर त छप्परच हाय."

कापूस पारखायची त्याची रीत बघायला लोक जमायचे. दुसरे पारखी गाडीतला कापूस वरवर चाचपायचे, तोंडानं भाव ठोकायचे. हा गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर रुई काढायचा, डोळे मिटायचा आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये तिचा तार हळूहळू ओढायचा. त्या वेळी त्याच्या ओठांवर काहीतरी चाललेलं असायचं. तार लांब निघाला की डोळे उघडून म्हणायचा, "शपीरा!" त्याच्या भाषेत त्याचा अर्थ छान, सुंदर. हा शब्द बघता बघता आमच्या बाजारात रुळला. भातकुलीचे, वलगावचे शेतकरी एकमेकांना विचारू लागले, "काय गा, तुया गाडीले शपीरा म्हनला का अरब?"

भाव मात्र आमच्या रिवाजाप्रमाणे रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे, एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. शमूनभाऊ हे लवकर शिकला, पण बोटं दाबतानाही तो स्वतःशी पुटपुटत असायचा. समोरचा घाबरायचा. हा मंत्र टाकून राह्यला की काय! एका पाटलानं तर हात ओढून घेतला आणि खिशातला लिंबू चाचपला. मी शमूनभाऊला विचारलं, "काय बडबडतो रे तू एवढा?"

"काही नाय. आज पाऊस येनार काय, भाजी काय करू, बैल छान हाय. काही पन. नाय बोललो तर जीभ विसरून जाते."

तेव्हा मला कळलं की मुंबई सुटल्यापासून हा माणूस आपल्या भाषेत दुसऱ्या कोणाशी एक वाक्य बोललेला नाही. आमच्या वऱ्हाडीत तो बोलायचा, तेही आत्याकडून शिकलेल्या वऱ्हाडीत, त्यामुळे पेढीचा पुण्याकडचा कारकून त्याचं बोलणं ऐकून दचकायचा. पण स्वतःच्या भाषेत बोलायला त्याच्याकडे बाजारातले बैल होते आणि घरी पिठाचा गोळा होता.

त्या गोळ्याबद्दल आता सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

त्याच्या खोलीत कोनाड्यात एक मातीचं वाडगं होतं. त्यात ओल्या फडक्याखाली कणकेचा गोळा. दर शनिवारी संध्याकाळी तो नवी कणीक भिजवायचा, त्यात तो आंबलेला गोळा कालवायचा, सगळं फुगू द्यायचा, आणि भाकरी थापण्याआधी मूठभर कणीक काढून पुन्हा वाडग्यात ठेवायचा. पुढच्या शनिवारसाठी. मधल्या दिवसांत रोज थोडं पीठ, थोडं पाणी. लेकराला भरवावं तसं. पुरुषमाणूस कणीक तिंबतो हेच आत्याला झेपेना, आणि कणीक रात्री उरवून ठेवतो हे कळल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं.

"गणपत! हा मानूस पीठ राती ठेवते! उरल्या पिठाचा गोया म्हनजे पिंड असते, पिंड! भुतं येतीन घरात, पितर येतीन!"

शमूनभाऊ धावत आला. वाडगं छातीशी धरून म्हणाला, "आत्याबाई, हे पिंड नाय. हे ह्मीरा. तुमच्या इथं रोटी भाजनारे नानबाई खमीर म्हनते ना, तेच. तो शब्द अरबी, अन् अरबी बोली आमच्या बोलीची चुलतबहीन, म्हनून शब्द सारखा."

"बहीन असो का सवत असो. माया घरात गोया राहनार नाई."

मग दोन दिवस अबोला. शेवटी तोडगा आत्यानंच काढला. आमच्या बायका उरलेल्या कणकेवर बोटं दाबून ठसे उमटवतात, म्हणजे तो गोळा पिंडासारखा दिसत नाही आणि कोणी तो खायला येत नाही. तिनं फर्मावलं, "रोज बोटं दाबशीन त राहू दे." शमूनभाऊ हसला. त्याची बायको तेच करायची म्हणे. गोळा झाकण्याआधी हाताच्या कडेनं त्याच्यावर क्रूस दाबायची. तोही तसंच करायचा. आत्या रोज संध्याकाळी दारातून डोकावून बघून जायची आणि म्हणायची, "हां, आता पिंड दिसत नाई."

बायकोचं नाव मर्यम. हे त्यानं आत्याला सांगितलं, मला नाही. बाया-माणसांची दुःखं बायांनाच सांगायची त्याची पद्धत असावी. त्याचं गाव तुर्कांच्या मुलखातल्या मोसल शहराच्या बाजूला. तिथून नदीनं बसरा आणि बसऱ्याहून जहाजानं मुंबई. मर्यमच्या माहेरचं गाव रोगाच्या साथीत उजाड झालं होतं, तिच्या माहेरी एक चूल पेटती राहिली नव्हती. तिथलं खमीर वाळवून तिनं पुरचुंडीत बांधून आणलं आणि मुंबईत पाणी घालून पुन्हा जागं केलं. पुढच्याच वर्षी ती पटकीनं गेली. मुलगी सारा मागे गावीच होती, शमूनभाऊच्या आईजवळ. लग्नाची भाकरी आईच्या माहेरच्या खमिरानं फुगवायची अशी त्यांच्या घरातली रीत. मर्यमनं मरताना एवढंच मागितलं होतं. पोरीच्या लग्नाला हे खमीर गावी पोचव. शमूनभाऊनं तिचा हात धरून हो म्हटलं होतं.

आत्यानं हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "पोट्टी लग्नाले आली असंन रे आता," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याला सेठ म्हणेनाशी झाली. शमून म्हणू लागली.

एका उन्हाळ्यात कॅम्पातल्या रहीम नानबाईचं खमीर उष्म्यानं सडलं. साहेबांची पावरोटी फुगेना, खानसामे रोज येऊन शिव्या घालायला लागले. शमूनभाऊनं आपल्या गोळ्यातला अर्धा त्याला नेऊन दिला. आत्या म्हणाली, "पोरीच्या लग्नाचं देऊन राह्यला काय?" तो म्हणाला, "दिल्यानं कमी होत नाय आत्याबाई. पीठ घातलं की वाढते." रहीमची भट्टी पुन्हा चालली. तेव्हापासून दर ईदला रहीम त्याच्यासाठी शीरखुर्मा आणायचा आणि दोघं खाटेवर बसून आपापल्या मुलखातल्या उन्हाच्या बढाया मारायचे.

शमूनभाऊला बोलतं करायचं तर एकच युक्ती होती. विचारायचं, "तुमी सुर्यानी म्हनजे कोन?" मग जेवणाची आठवण राहायची नाही.

तो सांगायचा, आमचे अगदी जुने लोक स्वतःला आरामी म्हणत. उरहाय नावाचं शहर आहे. तिथं एक तळं आहे, तळ्यात मासे आहेत आणि ते कोणी मारत नाही, पवित्र समजतात. त्या गावची जी बोली, तीच ही भाषा. आमचे लोक ख्रिस्ती झाले, धर्माची पुस्तकं त्या बोलीत झाली, म्हणून एका गावची बोली सगळ्यांची प्रार्थनेची भाषा झाली. व्यापारी आणि साधू ती घेऊन मलबारला गेले, चीनपर्यंत गेले.

"अन् सुर्यानी नाव कोठून आलं?" मी विचारायचो.

याची त्याच्याकडे दोन उत्तरं होती. तब्येत खुशीत असली की सांगायचा, सुरोस नावाचा आमचा राजा होता, त्याच्यावरून. मन खट्टू असलं की दुसरं सांगायचा. "युनानी, साहेब ज्यांना ग्रीक म्हनते, त्या लोकांनी ठेवलं. आशूर नावाचा मुलूख होता. त्यांनी ते नाव अर्धं कापलं, सुर केलं, अन् तिकडच्या सगळ्यांना तेच लावलं. पुढं आमचे लोक ख्रिस्ती झाले तर आरामी म्हनजे मूर्ती पुजनारा, असा अर्थ निघायला लागला. म्हनून लोकांनी बापजाद्यांचं नाव टाकलं, अन् परक्यानं दिलेलं अंगावर घेतलं. आता तेच आमचं."

"अन् भाषा?"

"भाषेत युनानी शब्द आले, फारसी आले, अरबी आले, तुर्की आले. माझ्या आईच्या तोंडी तर कुर्दी पन हाय. पन भाषा आमचीच."

सगळ्यात गंमत यायची ती आदमवरून. स्वर्गातल्या बागेत पहिला माणूस आदम सुर्यानी बोलायचा, याबद्दल शमूनभाऊच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शेजारचे शास्त्रीबुवा एकदा हे ऐकून लाल झाले. देवांची भाषा संस्कृत, असं त्यांनी ठणकावलं. शमूनभाऊ नम्रपणे म्हणाला, "देवांची असंन महाराज. मी मानसांचं सांगून राह्यलो." दोघं हट्टाला पेटले. आत्या दारात शेंगा सोलत बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "ते सगयं ठीक हाय. पन आदम बायकोसंगं भांडे त कोन्त्या भाषेत भांडे?" शास्त्रीबुवांना हसू आवरेना. शमूनभाऊ गंभीरपणे म्हणाला, "सुर्यानीत. भांडनासाठी लय चांगली भाषा हाय."

मग अमेरिकेतली लढाई संपली. बातमी आली आणि बाजार कोसळला. चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून सोनाराकडे परत गेल्या. पावसाळ्यात मुंबईची पेढी बुडाली. शमूनभाऊला वाईट वाटलेलं मला काही दिसलं नाही. तो म्हणाला, "चला, आता घरी जायचं. सारा वाट पाहत असंन." दसऱ्यानंतर निघायचं असं ठरलं आणि भाद्रपदात त्याला हिवतापानं धरलं.

ताप असा की माणूस खाटेसकट थडथडायचा. वैद्य झाला, कॅम्पातला डॉक्टर झाला. आत्यानं आपल्या सगळ्या अटी गुंडाळून ठेवल्या. आपल्या चुलीवरची पेज ती त्याला स्वतःच्या हातानं पाजायची. तो तापात आपल्या भाषेत बडबडायचा आणि ती मराठीत उत्तरं द्यायची. "हो रे बाप्पा, हो. झोप आता."

तो पितृपक्ष होता. गल्लीत घरोघरी पानं वाढली जात होती आणि कावळे माजले होते. मी त्या दिवशी कामानं बडनेऱ्याला गेलो होतो. आत्या त्याची खोली झाडायला गेली आणि तिनं कोनाड्यातलं फडकं उचललं. शमूनभाऊ तापात पडल्यापासून त्या गोळ्यावर क्रूस दाबला गेला नव्हता. दमट हवेत तो फुगून वाडग्याच्या वर आला होता. गोल, गुळगुळीत, पांढरा. आजारी माणसाच्या उशाशी, पितृपक्षात, आपोआप वाढणारा पिंड.  तिला वाटलं, मर्यम आली आहे नवऱ्याला न्यायला.

तिनं वाडगं उचललं, अंगणात आणून पत्रावळीवर पालथं केलं आणि हात जोडले. कावळे तुटून पडले. पिंडाला कावळा पटकन शिवला म्हणजे गेलेला जीव तृप्त झाला. इथं तर एक कणही उरला नाही. आत्यानं वाडगं घासूनपुसून लख्ख केलं आणि पालथं घातलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा ती खुशीत होती. योगायोग म्हणा, काही म्हणा, त्याच रात्री ताप उतरला.

दोन दिवसांनी शमूनभाऊ उठून बसला. त्याची नजर कोनाड्याकडे गेली.

"आत्याबाई, माझं खमीर?"

आत्यानं सगळं सांगितलं. काही लपवायचं तिच्या मनातच नव्हतं. उलट हातवारे करून सांगितलं. कसा फुगला होता, कसे कावळे आले. "एक कन नाई ठेवला रे कावयायनं. तुयी मर्यम तृप्त होऊन गेली. म्हनून त तू वाचला."

 मग त्यानं पालथं वाडगं सुलटं केलं, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. आत्यानं ते राखेनं घासलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला रडणारी माणसं सोसत नाहीत, मी बाहेर यायला लागलो, तर आत्या उंबऱ्यात उभी. तिला तेव्हा कुठं उमगलं होतं. 

"गणपत, म्या हे काय केलं रे!" ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाची भाकर म्या कावयायले घातली."

मला एकदम रहीम आठवला. मी परत आत गेलो. "शमूनभाऊ, रडतो काहून? रहीमच्या भट्टीत तुयंच खमीर हाय ना. घेऊन येतो."

तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "ते आता माझं नाय. त्यानं किती वेळा आपलं पीठ घातलं, आपली दुसरी कणीक कालवली. मर्यमच्या हातचं त्यात काय राहिलं? रहीमचं हाय ते. पोरीला खोटं नेऊन देऊ काय?"

मी पुष्कळ समजावलं.  दोन दिवस त्यानं पेजेला तोंड लावलं नाही. वाचलेला माणूस आता हट्टानं जातो की काय, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी आत्या खोलीत गेली आणि खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. मला वाटलं माफी मागते. पण आत्या ती आत्याच. तिनं भांडायला सुरुवात केली.

"काहून रे शमून, तूच सांगे ना, तुमचं पयलं नाव अल्लग होतं म्हनून?"

त्यानं भिंतीवरची माती नखानं खरवडली.

"बोल ना. आरामी का काय होतं. मंग त्या युनान्यायनं दुसरं नाव ठेवलं. ते तुमी घेतलं. घेतलं का नाई?"

"घेतलं," तो पुटपुटला.

"अन् भाषेत धा मुलखाचे शब्द आले. युनान्याचे, तुरकाचे, अजून कोनाकोनाचे. तरी तू छाती ठोकून सांगे, भाषा आमचीच. शास्त्रीबुवासंगं भांडे. मंग धा जनाचे शब्द घालून भाषा तुयी राहते, अन् रहीमचं मूठभर पीठ पडलं त खमीर परकं होते? हा कोन्ता न्याय? तूच म्हने ना, पीठ घातलं की वाढते म्हनून?"

शमूनभाऊनं वळून तिच्याकडे पाहिलं.  दाढी ओली होती. शेवटी तो म्हणाला, "आत्याबाई, तुमी सुर्यानीत भांडायला पाहिजे होतं."

आत्या उठली आणि पदर डोक्यावर घेऊन सरळ चालायला लागली. मी मागून धावलो. "तू थांब, मी आनतो," म्हटलं. "फेकलं म्या, आनीन म्या," ती म्हणाली. ज्या बाईनं जन्मात परक्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ती भर दुपारी रहीम नानबाईच्या भट्टीसमोर जाऊन उभी राहिली. रहीम बिचारा पिठानं भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आला. "क्या हुआ, अम्मा?" आत्या म्हणाली, "शमूनचं खमीर दे. पोरीच्या लग्नाचं हाय." रहीमनं एक शब्द विचारला नाही. पळसाच्या पानावर चांगला ओंजळभर गोळा ठेवून तिच्या हातात दिला. म्हणाला, "अमानत थी, अम्मा. उनकीच है." ती तो गोळा उघड्या बाजारातून दोन्ही हातांवर घेऊन आली. घरी आल्यावर अंघोळ करेल असं मला वाटलं होतं. तिनं हातसुद्धा धुतले नाहीत.

शमूनभाऊनं गोळ्याचा वास घेतला, चिमूट चाखली. नवी कणीक घालून मळला. हाताच्या कडेनं क्रूस दाबला आणि वाडगं कोनाड्यात ठेवलं. सकाळी मी जाऊन पाहतो तर आत्या आधीच कोनाड्यासमोर उभी. गोळा फुगून फडक्याला लागला होता, क्रूस पसरून रुंद झाला होता. शमूनभाऊनं तो बोटानं दाबून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "शपीरा." आत्यानं सुस्कारा सोडला.

एवढ्या लांबच्या प्रवासात ओलं खमीर टिकणार नव्हतं. मर्यमनं आणलं होतं तसं वाळवून न्यायचं होतं. दसऱ्यानंतरचं ऊन कडक पडलं होतं. शमूनभाऊनं खमीर पातळ करून स्वच्छ धोतरावर पसरलं आणि धोतर आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, वाळत घातलं. आत्या हातात काठी घेऊन त्याच्याजवळ बसली. डोक्यावर पदर, समोर पाण्याचा तांब्या. सकाळी बसली ती ऊन उतरेपर्यंत. असे दोन दिवस. कावळा नुसता कठड्यावर उतरला तरी ती उठायची आणि ज्या शिव्या तिनं पातूरच्या सासरवाल्यांसाठी राखून ठेवल्या होत्या त्या सगळ्या कावळ्यांना द्यायची. खाली गल्लीतून जाणारे विचारायचे, "काय वाळू घातलं आत्याबाई, कुरडया काय?" ती म्हणायची, "तुमाले काय करा लागते?"

वाळलेल्या खपल्या चुरून तिनं खणाच्या पिशवीत भरल्या आणि तोंड शिवून टाकलं.

रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंतच आली होती. मी बैलगाडी जुंपली. आत्या आधीच गाडीत येऊन बसलेली. मी म्हटलं, "तू कुठी?" म्हणाली, "पातूरले जा लागते मले. लय दिवस झाले." मी शमूनभाऊकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. पातूर अकोल्याच्या पुढंच, म्हणून मी बैल हाकले. वाटेत दोन मुक्काम झाले. रहीमनं दिलेल्या रोट्या शमूनभाऊ खात होता, आत्या आमची शिदोरी खात होती, आणि दोघं साराच्या लग्नात काय काय शिजवायचं यावर वाद घालत होती.

अकोल्याला गाडी फलाटावर लागलेली होती. एवढं मोठं धूड आत्यानं पहिल्यांदाच पाहिलं, पण नवल करायलाही तिला सवड नव्हती. शमूनभाऊनं माझ्या खांद्यांना धरून दोन्ही गालांचे मुके घेतले, त्याच्याकडची रीत. मी पार लाजून गेलो. आत्यापुढे तो वाकला आणि तिच्या पायांना हात लावला, आमच्याकडची रीत. ती म्हणाली, "पानी कोमट घेजो. ऊन पाह्यजो. अन् कोनाले हात लावू देऊ नको, समजलं?" तो हो हो म्हणत राहिला.

डब्याच्या दारात गर्दी झाली होती. रेल्वेचा शिपाई लोकांना आत ढकलत होता. त्यानं शमूनभाऊच्या पाठीत हात घातला आणि ओरडला, "ए अरब, चल अंदर बैठ!"

 शमूनभाऊ थकला होता, तापातून उठलेला होता, आणि असेल, इतक्या वर्षांनी त्यालाही कंटाळा आला असेल. तो मुकाट आत चढला.

तेवढ्यात फलाटावर आत्याचा आवाज कडाडला. धाब्यावरून कावळे उडवायची तोच आवाज. "ए मुडद्या! अरब कोनाले म्हनतं? सुर्यानी हाय थो! सुर्यानी!"

अख्खा फलाट वळून पाहायला लागला. शिपाई गांगरून म्हणाला, "हो माय, सुर्यानी, सुर्यानी. बसू दे त्याले."

गाडी हलली. खिडकीत शमूनभाऊचा चेहरा दिसला. एवढा मोठा हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एक हात छातीवर होता, सदऱ्याखाली पिशवी होती तिथं. तो काहीतरी ओरडला. त्याच्या भाषेत असावं, मला एक अक्षर कळलं नाही. आत्या मात्र म्हणाली, "हो रे बाप्पा, हो."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी बैल जुंपले आणि विचारलं, "चल, पातूरले सोडतो तुले."

"मरो पातूर," ती म्हणाली. "घरी चाल."

  मूर्तिजापूर आलं तसा गाडीच्या मागच्या बाजूनं तिचा आवाज आला.

"गणपत, तिकडं थंडी असते म्हने लय."

"असते."

"फुगन का रे मंग तिकडं?"

"फुगन," मी म्हटलं, आणि बैलांना हाकारलं.